प्रकाशाच्या साहाय्याने चुंबकत्वाचे नियंत्रण : स्तरित पदार्थांतील अलीकडील संशोधन

लोखंडाचा तुकडा भट्टीत तापवून लालभडक केला म्हणजे चुंबक त्यास ओढून घेत नाही, हा अनुभव फार जुना आहे. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे लोहचुंबकत्व लोप पावते आणि तुकडा निवल्यावर ते पुन्हा प्रकट होते. उष्णतेने चुंबकत्व नाहीसे करता येते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. तीव्र प्रकाशझोतानेही पदार्थ तापतो. म्हणून 'प्रकाशाने चुंबकत्व बदलले' असे कोणी प्रतिपादन केले, तर हे कार्य प्रकाशाने केले की प्रकाशापासून उत्पन्न झालेल्या उष्णतेने, हा प्रश्न प्रथमच उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर माहिती साठविली जाते ती सूक्ष्म प्रदेशांच्या चुंबकनाची दिशा 'वर' की 'खाली' या स्वरूपात. उष्णतेला स्वतःची अशी दिशा नसते. ती चुंबकनाची शिस्त मोडू शकते, परंतु अमुकच दिशा धारण कर असे सर्वसाधारणपणे सांगू शकत नाही. त्यासाठी आजवर बाह्य चुंबकीय क्षेत्राची जोड द्यावी लागली आहे. १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या चुंबक-प्रकाशीय तबकड्यांत लेसर किरण केवळ तापविण्याचे काम करी आणि दिशा ठरविण्याचे काम चुंबक करी. दिशाही प्रकाशानेच ठरविता आली, तर विद्युत्प्रवाह व वेटोळी यांवाचून आणि अत्यंत अल्प काळात लेखन करता येईल. अलीकडे एकदोन अणुथरांइतके पातळ चुंबक हाती आल्यामुळे या प्रश्नाचा विचार नव्या रीतीने करणे शक्य झाले आहे. त्या विचाराची रूपरेषा प्रस्तुत लेखात दिली आहे.

प्रकाश व चुंबकत्व यांचा पूर्वापार संबंध

प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध मायकेल फॅराडे यांनी १८४५ मध्ये प्रयोगाने दाखविला. शिशाचा अंश असलेल्या जड काचेतून समतलध्रुवित प्रकाश चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने जाऊ दिला असता त्याचे ध्रुवणप्रतल वळते, असे त्यांना आढळले. पुढे १८७७ मध्ये जॉन केर यांनी चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातही असाच पालट होतो असे दाखवून दिले. चुंबकनाची दिशा उलट केली म्हणजे प्रतल वळण्याची दिशाही उलटते. म्हणून केर यांचा परिणाम हे चुंबकन 'वाचण्याचे' उत्तम साधन ठरले. ज्या स्तरित चुंबकांचे वर्णन पुढे येणार आहे, त्यांचे चुंबकत्वही बव्हंशी याच साधनाने पारखले जाते.

चुंबकत्व प्रकाशावर परिणाम करते, तर प्रकाशाने चुंबकत्वावर परिणाम का करू नये? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी प्रकाशाच्या एका गुणाची ओळख आवश्यक होती. वर्तुळध्रुवित प्रकाशात विद्युत्क्षेत्राची दिशा मळसूत्राप्रमाणे फिरत असते. असा प्रकाश आपल्याबरोबर कोनीय संवेग वाहून नेतो. प्रत्येक फोटॉनाच्या वाट्यास येणारा संवेग ठराविक असून उजव्या व डाव्या फिरकीच्या प्रकाशांत त्याचे चिन्ह परस्परविरुद्ध असते. फोटॉनाच्या या परिवलनाचा प्रायोगिक पुरावा सी. व्ही. रामन व एस. भगवंतम् यांनी १९३१ मध्ये विकिरित प्रकाशाच्या अभ्यासातून मांडला, ही गोष्ट भारतीय वाचकांस विशेष लक्षणीय वाटेल. १९३६ मध्ये रिचर्ड बेथ यांनी वर्तुळध्रुवित प्रकाशामुळे टांगलेल्या क्वॉर्ट्झच्या चकतीवर पडणारा पीळ प्रत्यक्ष मोजला.

फॅराडे यांच्या परिणामाची उलट बाजू, म्हणजे वर्तुळध्रुवित प्रकाशाने पदार्थात चुंबकन उत्पन्न होणे, हिचे सैद्धांतिक भाकीत पिटायेव्हस्की यांनी १९६० च्या सुमारास केले आणि १९६५ मध्ये माणिक-लेसरच्या साहाय्याने ती प्रयोगात दिसून आली. येथे प्रकाश शोषला जाण्याची आवश्यकता नव्हती. म्हणजेच उष्णतेवाचूनही प्रकाश चुंबकत्वावर परिणाम करू शकतो, हे तत्त्वतः सिद्ध झाले. मात्र मिळालेले चुंबकन अत्यल्प असून प्रकाश थांबताच ते संपुष्टात येई.

चुंबकास आवश्यक असलेल्या तीन गोष्टी

पदार्थ चुंबक का होतो, हे थोडक्यात पाहणे इष्ट होईल. प्रत्येक इलेक्ट्रॉनास परिवलन असते व त्यामुळे तो एखाद्या सूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या विरुद्ध जोड्या जमून हा गुण लोपतो. परंतु लोह, क्रोमियम, निकेल इत्यादींच्या अणूंत काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात आणि त्या अणूस चुंबकीय परिबल प्राप्त होते. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांमधील विनिमय परस्परक्रिया. हिच्यामुळे शेजारचे परिवलन समांतर राहणे पसंत करते किंवा विरुद्ध. समांतर राहिल्यास लोहचुंबकत्व आणि विरुद्ध राहिल्यास प्रतिलोहचुंबकत्व निर्माण होते. प्रतिलोहचुंबकात शिस्त पूर्ण असते, पण एकंदर चुंबकन शून्य असते. म्हणून बाहेरून पाहणाऱ्यास तो चुंबक वाटतच नाही. विनिमय परस्परक्रियेचे मान अणूंमधील अंतरावर व त्यांच्यातील कोनांवर अवलंबून असते, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

तिसरी गोष्ट विषमदिक्‌ता. स्फटिकातील काही दिशा परिवलनांना सोयीच्या व काही गैरसोयीच्या असतात. जाड स्फटिकात हिचे महत्त्व दुय्यम वाटते. पण पातळ थरात तिच्यावरच सर्व काही अवलंबून असते. १९६६ मध्ये मर्मिन व व्हाग्नर यांनी असे सिद्ध केले की, परिवलनांना सर्व दिशा सारख्याच असतील, तर द्विमितीय पदार्थात शून्याहून अधिक अशा कोणत्याही तपमानास दीर्घ पल्ल्याची चुंबकीय शिस्त टिकू शकत नाही. याउलट परिवलनांना केवळ 'वर' व 'खाली' अशा दोनच दिशा मोकळ्या असतील, तर ती शिस्त टिकते. हे ऑन्सागर यांच्या १९४४ मधील गणिताने दाखविले होते. तात्पर्य, एका अणुथराचा चुंबक शक्य आहे किंवा नाही, हे त्या थराच्या विषमदिक्‌तेवर ठरते.

एका थराचा चुंबक

ग्रॅफाइटच्या स्फटिकापासून चिकटपट्टीच्या साहाय्याने एकेक थर सोलून काढण्याची युक्ती २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी यशस्वी केली. ज्या स्फटिकांत थरांतर्गत बंध बळकट आणि थराथरांमधील बंध दुर्बळ असतात, त्या सर्वांस ही युक्ती लागू पडते. अशा स्फटिकांत काही चुंबकीय आहेत. २०१६ मध्ये लोह, फॉस्फरस व गंधक यांच्या एका स्तरित संयुगात एका थरापर्यंत प्रतिलोहचुंबकीय शिस्त टिकून राहते, असे दक्षिण कोरियातील संशोधकांनी रामन परिणामाच्या आधारे दाखविले; कारण जेथे एकंदर चुंबकन शून्य असते तेथे केर परिणाम सहसा उपयोगी पडत नाही. २०१७ मध्ये क्रोमियम ट्राय-आयोडाइडचा एकच थर ४५ केल्विन तपमानाखाली लोहचुंबक असतो, असे वॉशिंग्टन विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनी सिद्ध केले. जाड स्फटिकात ही मर्यादा ६१ केल्विन आहे. त्याच वर्षी क्रोमियम, जर्मेनियम व टेल्यूरियम यांच्या संयुगाच्या दोनतीन थरांतही लोहचुंबकत्व आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

क्रोमियम ट्राय-आयोडाइडचे दोन थर एकमेकांवर असता प्रत्येक थर स्वतः लोहचुंबक राहतो, परंतु दोन्ही थरांची चुंबकने परस्परविरुद्ध होतात. थरांची संख्या बदलली की चुंबकत्वाचा प्रकार बदलावा, ही गोष्ट थरांमधील बंध किती नाजूक आहे याची द्योतक होय. आणि जे नाजूक असते ते बाहेरून वळविणेही सोपे असते. शिवाय सगळा पदार्थच एकदोन थरांचा असल्यामुळे प्रकाश त्याच्या प्रत्येक अणूपर्यंत पोहोचतो. जाड धातूप्रमाणे तो पृष्ठभागाशीच शोषला जात नाही. या दोन कारणांमुळे स्तरित चुंबक हे प्रकाशाच्या प्रयोगांसाठी विशेष अनुकूल ठरले.

धातूंतील प्रयोगांनी शिकविलेली सावधगिरी

स्तरित पदार्थांकडे वळण्यापूर्वी धातूंच्या पातळ पटलांवर झालेल्या प्रयोगांचा विचार करणे अगत्याचे आहे. सेकंदाचे एक हजार अब्ज भाग केले, तर त्यांतील एका भागास पिकोसेकंद म्हणतात. त्याचाही हजारावा भाग म्हणजे फेम्टोसेकंद. १९९६ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे निकेलच्या पटलावर ६० फेम्टोसेकंदांचा लेसर स्पंद टाकला असता त्याचे चुंबकन एका पिकोसेकंदाच्या आत बरेच घटले. एवढ्या अल्पावधीत परिवलनांचा कोनीय संवेग गेला कोठे, हा प्रश्न पंचवीस वर्षे चर्चिला गेला. संवेग अक्षय्य असल्यामुळे तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जमा झालाच पाहिजे. २०१९ मध्ये लोखंडावर आणि २०२२ मध्ये निकेलवर झालेल्या प्रयोगांनी तो स्फटिकजालकातील अणूंच्या फिरत्या कंपनांकडे जातो, असे दाखविले.

२००७ मध्ये गॅडोलिनियम, लोह व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूवर नेदरलँड्समधील नायमेखन येथे झालेला प्रयोग अधिक आशादायक होता. ४० फेम्टोसेकंदांच्या वर्तुळध्रुवित स्पंदाने, कोणत्याही बाह्य चुंबकाविना, त्या पटलाचे चुंबकन उलटविता आले. उजव्या फिरकीचा प्रकाश एक दिशा लिही व डाव्या फिरकीचा दुसरी. प्रकाशाने आपला कोनीय संवेग देऊन दिशा ठरविली, असा अर्थ प्रथमदर्शनी निघत होता. परंतु २०१२ मध्ये असे आढळून आले की, या मिश्रधातूत फिरकी नसलेल्या प्रकाशाचा एकच स्पंदही चुंबकन उलटवितो. गॅडोलिनियम व लोह यांची चुंबकने परस्परविरुद्ध असून ती निरनिराळ्या वेगांनी ढासळतात, आणि सावरताना सर्व व्यवस्थाच उलटी होते. त्याच वर्षी फिरकीचा दिसलेला परिणामही, एका फिरकीचा प्रकाश एका दिशेच्या प्रदेशात किंचित अधिक शोषला जातो व तो प्रदेश अधिक तापतो, एवढ्याने समजावून सांगता आला. उष्णता केवळ पुसू शकते, हा समज या पदार्थापुरता तरी अपुरा ठरला. आणि फिरकीचा परिणाम दिसला म्हणजे प्रकाशाचा संवेगच कारण, हे अनुमानही घाईचे ठरले.

क्रोमियम ट्राय-आयोडाइडवरील दोन प्रयोग

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांचे महत्त्व कळून येते. पहिल्या संशोधनात एकदोन थरांच्या श्रेणीतील अतिशय पातळ क्रोमियम ट्राय-आयोडाइडचे चुंबकन केवळ वर्तुळध्रुवित प्रकाशाने, बाह्य क्षेत्राविना, उलटविल्याचे नमूद आहे. प्रकाशाची फिरकी बदलली की परिणाम बदलतो. इतकेच नव्हे, तर तो प्रकाशाच्या रंगावरही अवलंबून असतो. ज्या ऊर्जांना या स्फटिकात एक्सायटॉन निर्माण होतात, म्हणजे प्रकाशाने उडविलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी यांची बांधीव जोडी तयार होते, त्या ऊर्जांशी हे उलटणे निगडित दिसले. यावरून प्रकाश प्रथम आपला संवेग उत्तेजित इलेक्ट्रॉनांस देतो व ते तो क्रोमियमच्या परिबलांस देतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

या स्पष्टीकरणाची एक कसोटी साध्या हिशेबाने करता येते. या संयुगात क्रोमियमच्या प्रत्येक आयनावर बिनजोडीचे तीन इलेक्ट्रॉन असतात. त्या तिन्हींचे परिवलन 'वर'चे 'खाली' करावयाचे तर कोनीय संवेगात तीन एककांचा फरक पडतो, आणि शोषल्या गेलेल्या एका फोटॉनापासून एकच एकक मिळू शकते. सर्व संवेग प्रकाशाकडूनच यावयाचा असेल, तर दर क्रोमियममागे निदान तीन फोटॉन शोषले जाणे आवश्यक आहे. प्रकाश दीर्घकाळ पडत राहिला तर हे अशक्य नाही. मात्र एकाच अल्प स्पंदात ते साधणे दुर्घट आहे, कारण तेवढ्या ऊर्जेने थर अतिशय तापेल.

दुसऱ्या संशोधनाचा निर्णय या संदर्भात बोलका आहे. त्यात फेम्टोसेकंद स्पंदांचा उपयोग केला होता. क्रोमियम ट्राय-आयोडाइड एकटेच असता स्पंदाने चुंबकन ढासळून नवे प्रदेश तयार झाले, पण ते तापण्याचेच फळ होते. त्याच थराला टंगस्टन डायसेलेनाइडचा एक थर जोडल्यावर मात्र अनेक स्पंदांच्या माऱ्याने चुंबकन खऱ्या अर्थाने उलटू लागले. आणि आश्चर्य असे की, त्यासाठी प्रकाश वर्तुळध्रुवित असो वा समतलध्रुवित असो, दोन्ही चालत. समतलध्रुवित प्रकाशाजवळ देण्यासारखा निव्वळ कोनीय संवेग नसतो. म्हणून येथे दिशा ठरविणारे कारण प्रकाशाची फिरकी नसून दोन थरांच्या सीमेवरून होणारी इलेक्ट्रॉनांची परिवलनसापेक्ष ये-जा होय, असे मानणे भाग पडते.

दोन्ही संशोधने परस्परविरोधी आहेत असे समजण्याचे कारण नाही. एकाच पदार्थावर एकाच नावाची क्रिया दोन भिन्न मार्गांनी घडू शकते. कोणता मार्ग प्रभावी होईल, हे स्पंदाचा काळ, प्रकाशाचा रंग आणि शेजारचा थर यांवर अवलंबून असते.

जालकाच्या द्वारे नियंत्रण

परिवलनांना थेट हात न घालता त्यांचे परिसर बदलून त्यांना वळविणे, हा आणखी एक मार्ग आहे. २०२१ मध्ये निकेल, फॉस्फरस व गंधक यांच्या स्तरित प्रतिलोहचुंबकावर असा प्रयोग झाला. निकेलच्या आयनातील इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय रचनेत बदल घडविणारा विशिष्ट ऊर्जेचा प्रकाश निवडल्यास परिवलनांची सोयीची दिशा क्षणभर बदलते आणि ती डोलू लागतात. येथे प्रकाशाने विषमदिक्‌ताच बदलली.

विनिमय परस्परक्रिया बदलण्याचा प्रयत्न मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला व तो २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. पदार्थ होता वर उल्लेखिलेले लोह, फॉस्फरस व गंधक यांचे संयुग. त्याच्या थरात लोहाच्या नागमोडी साखळ्या असतात. एका साखळीतील परिबले समांतर, तर शेजारच्या साखळीतील विरुद्ध. सुमारे ११८ केल्विनच्या वर ही शिस्त मोडते. या संशोधकांनी दृश्य प्रकाश न वापरता टेराहर्ट्झ विभागातील, म्हणजे सेकंदास काही हजार अब्ज कंपने करणाऱ्या, प्रारणाचा तीव्र स्पंद वापरला. जालकातील अणूंची कंपने याच श्रेणीतील असल्यामुळे असे प्रारण अणूंना थेट झुलविते, आणि दृश्य प्रकाशाप्रमाणे इलेक्ट्रॉनांना उच्च पातळीवर उडवून भारंभार उष्णता उत्पन्न करीत नाही. एका विशिष्ट कंपनाच्या अनुरोधाने अणू किंचित सरकले की साखळ्यांमधील विनिमय परस्परक्रियेचा तोल बिघडतो; दोन विरुद्ध गट समबल राहत नाहीत आणि जेथे एकंदर चुंबकन शून्य होते तेथे निव्वळ चुंबकन प्रकट होते.

या प्रयोगातील अधिक लक्षणीय गोष्ट म्हणजे त्या अवस्थेचे आयुष्य. प्रकाशाने उत्पन्न केलेल्या अवस्था बहुधा काही पिकोसेकंदांत मावळतात. येथे स्पंद संपल्यानंतर चुंबकन २.५ मिलिसेकंदांहून अधिक काळ टिकले, म्हणजे एका पिकोसेकंदाच्या अब्जावधी पटीने. तपमान ११८ केल्विनच्या जवळ नेले तसे हे आयुष्य वाढत गेले. संक्रमणबिंदूच्या निकट पदार्थाची मूळ शिस्त डळमळीत झालेली असते, तीत मोठे व मंद चढउतार होत असतात. त्यामुळे लहानसा धक्काही मोठा परिणाम करतो व पूर्वस्थितीस येण्यास विलंब लागतो. केवळ तापल्याने असे घडले असते, तर चुंबकीय शिस्त घटली असती. शून्यातून चुंबकन निर्माण झाले नसते. उष्णतेविषयीच्या मूळ प्रश्नास हे बरेचसे समाधानकारक उत्तर होय.

प्रकाशाने चुंबकीय शिस्त नव्याने घडविल्याचे आणखी एक उदाहरण २०२२ चे आहे. टंगस्टन डायसल्फाइड व टंगस्टन डायसेलेनाइड हे चुंबक नसलेले दोन थर एकमेकांवर ठेवले असता, दोन जाळीदार पडदे एकावर एक धरल्यावर दिसणाऱ्या नक्षीसारखी मोठ्या खणांची रचना तयार होते. त्या खणांत अडकलेल्या पोकळ्या एकमेकींपासून दूर असल्याने त्यांची परिवलने सहसा एकमेकांची दखल घेत नाहीत. योग्य रंगाच्या प्रकाशाने एक्सायटॉन निर्माण केले की ते दूतांप्रमाणे मध्यस्थी करतात आणि लोहचुंबकाचे लक्षण असलेले मंदायनाचे वेटोळे मापनात दिसू लागते.

अडचणी व पुढील कार्य

या प्रयोगांवरून उद्याच्या तबकड्या प्रकाशाने लिहिल्या जातील असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. वरील बहुतेक पदार्थ अतिशीत अवस्थेतच चुंबक असतात. ४५ केल्विन म्हणजे शून्याखाली सुमारे २२८ अंश सेल्सिअस. क्रोमियम ट्राय-आयोडाइड हवेतील आर्द्रतेने लवकर नासते व त्यास दुसऱ्या थरांच्या आवरणात जपावे लागते. तपमानाची अडचण अनुल्लंघ्य नाही, असे मात्र दिसते. लोह, गॅलियम व टेल्यूरियम यांच्या एका स्तरित संयुगाचा जाड स्फटिक ३५० केल्विनच्याही वर लोहचुंबक राहतो, असे २०२२ मध्ये आढळले आहे.

दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वरूपातच आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि साध्या भिंगाने तो सुमारे अर्ध्या तरंगलांबीहून लहान ठिपक्यात एकवटता येत नाही. चुंबकीय तबकडीवरील माहितीचा एक घटक याहून कितीतरी लहान असतो. टेराहर्ट्झ प्रारणाची तरंगलांबी तर मिलिमीटरच्या दशांशाच्या घरातील आहे. म्हणून या पद्धतींचा पहिला उपयोग दाट साठवणीपेक्षा, जेथे वेगास महत्त्व आहे अशा ठिकाणी होण्याचा संभव अधिक वाटतो.

प्रकाशाने चुंबकत्व बदलल्याचा नवा दावा पुढे आला असता त्याची परीक्षा कशी करावी, हे वरील विवेचनावरून ठरविता येते. प्रकाशाची फिरकी उलटविल्यास परिणाम उलटतो काय आणि समतलध्रुवित प्रकाशाने तो नाहीसा होतो काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रकाशाचा रंग बदलला असता परिणाम शोषणाच्या केवळ प्रमाणात बदलतो की विशिष्ट ऊर्जेलाच प्रकट होतो, हे त्यानंतर पाहावे. अखेरीस कोनीय संवेगाचा जमाखर्च जुळतो काय, हे तपासावे. या तिन्ही कसोट्यांस उतरणारे प्रयोग अद्याप थोडे आहेत. स्तरित चुंबकांत थरांची संख्या, शेजारी व तपमान ही इच्छेनुसार बदलता येत असल्यामुळे, या कसोट्या लावण्यास त्यांच्याइतके सोयीचे क्षेत्र पूर्वी उपलब्ध नव्हते.